यादीत नसलेलं गाव आणि यादी करणारी माणसं

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची, जेमतेम सव्वादोनशे वस्तीची वाडी. वर जायला रस्ता नाही, चिखलातून पायी चढायचं. जेसीबी वर नेता आला नाही, फावड्या-कुदळींनी माती उपसावी लागली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी विधानसभेत सांगण्यात आलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

मी काही वर्षं एका जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात काम केलं आहे. त्या आठवड्यात मला जे फोन आले, त्यात सगळ्यांचा प्रश्न एकच होता, यादीत का नव्हती? त्याच्या पुढचा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला. ही यादी करतं कोण, आणि कशी?

दर पावसाळ्यात कॉलेजची मुलं विचारतात, "ताई, या क्षेत्रात यायचं तर काय करावं लागेल?" त्यांच्या डोळ्यांसमोर असते रबरी बोट आणि नारिंगी जाकीट. ते बचावकार्य. ते करणाऱ्यांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण ज्या कामाला माणसं कमी पडतात ते त्याच्या कितीतरी आधीचं आहे आणि बरंचसं उन्हाळ्यात होतं. सरकारी भाषेत त्याला 'आपत्ती जोखीम न्यूनीकरण' म्हणतात. हा जडशीळ शब्द इथेच ठेवू. पुढे साधं 'जोखीम कमी करणं' म्हणू.

## वळीव, वाळवण आणि ताडपत्री

एप्रिल-मे महिन्यात अंगणात कुरडया-पापड वाळत घातले आहेत आणि पश्चिमेकडे आभाळ भरून आलंय, असं समजा. वळीव येणार, हा झाला धोका. वाळवण उघड्यावर आहे, म्हणजे ते धोक्याच्या तोंडी आहे. आणि घरात ताडपत्री नाही, माणसं शेतावर गेलीत, आजीला एकटीला खाट उचलवत नाही, ही झाली दुर्बलता. या तीन गोष्टी एकत्र आल्या की जी तयार होते ती जोखीम.

वळीव थांबवणं कोणाच्याच हातात नाही. पण वाळवण गच्चीवर पत्र्याच्या आडोशाला घालता येतं, आजीच्या हाताशी ताडपत्री ठेवता येते, शेजारच्या पोराला सांगून ठेवता येतं की आभाळ आलं की धावत ये. या क्षेत्रातलं सगळं शिक्षण, सगळे नकाशे, सगळ्या बैठका शेवटी या दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीसाठी असतात.

म्हणूनच आम्ही 'नैसर्गिक आपत्ती' हा शब्द जपून वापरतो. पाऊस नैसर्गिक असतो. कोणाचं घर कुठे, कशाचं आणि का तिथेच, हे माणसांच्या व्यवहारातून ठरतं.

## यादी होते कशी, आणि चुकते कुठे?

सह्याद्रीत वर झिजून मऊ झालेल्या मातीचा थर आणि खाली कातळ, अशी रचना बऱ्याच ठिकाणी आहे. तिरक्या धरलेल्या परातीत घट्ट मळलेलं पीठ चिकटून राहतं. पाणी जास्त झालं की तेच पीठ सरकायला लागतं. उतारावर तेच होतं. तीन-चार दिवस पाऊस मुरत राहतो, माती जड होते, कातळावरची तिची पकड सुटते.

मग असे उतार शोधायचे कसे? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण दरडींच्या शक्यतेचे नकाशे करतं. उतार किती, खडक कोणता, माती किती जाड, झाडझाडोरा कसा, पूर्वी दरडी कुठे कोसळल्या, हे थर एकावर एक ठेवून हे नकाशे तयार होतात. देशभरासाठी केलेल्या या नकाशांचं प्रमाण ५० हजारास एक असं आहे. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. इर्शाळवाडीएवढी वाडी त्यात बोटाच्या नखाखाली झाकली जाते.

त्यातही पूर्वी तिथे दरड कोसळली होती का, या प्रश्नाला फार वजन असतं. इर्शाळवाडीत आधी असं घडल्याची नोंद नव्हती. आपल्या याद्यांची सगळ्यात मोठी उणीव मला तीच वाटते. कालच्या अपघातांवरून उद्याचा अंदाज करायचा, तर पहिल्यांदाच घडणारी गोष्ट कायम यादीबाहेर राहणार.

ही चूक जुनी आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे, गणेश विसर्जनाच्या मिरवणुकांनंतर माणसं गाढ झोपलेली असताना, किल्लारीचा भूकंप झाला. त्या वेळच्या भूकंप नकाशात तो भाग देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. हजारो माणसं गेली. २००२ साली नकाशा बदलला, तो सर्वांत खालचा पट्टाच रद्द झाला आणि किल्लारीचा भाग वरच्या पट्ट्यात गेला.

नकाशाला अंतिम मानायचं नाही, हा या नोकरीतला पहिला धडा. नकाशा घेऊन जमिनीवर जायचं. उतारावर चालायचं, झाडं कलली आहेत का बघायचं. घरांच्या भिंतींना नव्या भेगा पडल्यात का, डोंगराच्या माथ्यावर जमीन फाटली आहे का, हे विचारायचं. हे बायकांना विचारलेलं बरं, कारण पाणी त्या भरतात. एका वाडीत एक आजी मला म्हणाल्या होत्या, "झरा कधी नव्हे तो गढूळ येतोय गं, आणि नवीनच एक फुटलाय वरच्या अंगाला." उतारातून पाणी नवी वाट शोधू लागल्याची ही खूण. आमच्या कागदावर ती कुठेच नव्हती. भूवैज्ञानिकांना बोलावून तो उतार पुन्हा पाहायला लावला, तेव्हा कुठे ती वाडी यादीत आली.

## 'शंभर वर्षांतून एकदा' येणारा पूर पुन्हा दोनच वर्षांत कसा?

पुराचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो, आणि त्यात लोकांची चूक नाही. शब्दच फसवा आहे.

नदीकाठी दोन रेषा आखतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेमधली जागा निषिद्ध, तिथे बांधकाम नको. निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी.

पण 'शंभर वर्षांतून एकदा' म्हणजे एकदा येऊन गेला की ९९ वर्षं सुट्टी, असं नाही. ल्युडो खेळताना सहा पडला तरी पुढच्या डावात पुन्हा सहा पडू शकतोच ना? फाशाला आधीचं काही आठवत नसतं. नदीलाही नसतं. १०० वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी १ टक्का शक्यता. २५ वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी ४ टक्के.

आता हे घराच्या हिशेबात बघा. कर्ज ३० वर्षांचं आहे आणि घर अगदी निळ्या रेषेला लागून आहे. कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी तिथवर येण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास. लाल रेषेवरच्या घरासाठी तीच शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एक. हा आकडा ऐकल्यावर नवं घर घ्यायला निघालेला माणूस गप्प होतो. शिवाय या रेषा जुन्या पावसाच्या नोंदींवरून आखलेल्या असतात. पाऊस बदलला, नदीपात्रात भराव पडला, की रेषा जुन्या होतात आणि पुन्हा मोजाव्या लागतात.

## फुटांचं उंबरठ्यात रूपांतर

कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये कोणीही भेटलं की विचारतं, "पंचगंगा किती फुटांवर?" राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पण '४३ फूट' ऐकून गल्लीतल्या माणसाने नेमकं काय करायचं? किती फुटांना कोणत्या गल्लीत पाणी शिरतं, कोणता रस्ता बंद होतो, कोणत्या दवाखान्याचं जनरेटर बुडतं, हे आधी ठरवून त्याची यादी करणं म्हणजे नियोजन. इशारा सगळ्यांना एकच मिळतो, आपल्या उंबरठ्याचा आकडा प्रत्येकाला वेगळा कळावा लागतो.

या कामातली माझी एक चूक मी अजून विसरलेले नाही. नदीकाठच्या एका गावाचा स्थलांतराचा आराखडा आम्ही तयार केला होता. घरं मोजली, माणसं मोजली, म्हातारी माणसं, गरोदर बायका, सगळ्यांच्या नोंदी केल्या, शाळेच्या खोल्या ठरवल्या. पाणी चढायला लागलं तेव्हा ट्रॅक्टर घेऊन आम्ही दारात उभे राहिलो. एक काकू ओटीवरून हलायला तयार नाहीत. गोठ्यात चार दिवसांपूर्वी व्यालेली म्हैस, शेजारी रेडकू. काकू म्हणाल्या, "हिला सोडून मी कुठं येऊ? तुमच्या शाळेत हिला घेताय का?" आमच्या आराखड्यात जनावरं नव्हती. चारा नव्हता, गोठ्याची जागा नव्हती, दूध काढायची सोय नव्हती. त्या काकूंना हट्टी म्हणणं सोपं होतं, पण त्यांच्या घरातली ती एकमेव रोखीची कमाई होती आणि आम्ही तिचा विचारच केला नव्हता. त्या रात्री उंचावरच्या एका मंगल कार्यालयाचं आवार उघडून घेतलं, मग काकू आल्या. पुढच्या उन्हाळ्यात आराखड्याचा पहिला तक्ता जनावरांचा झाला.

करवीर तालुक्यातल्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या गावांना पूर्वीच्या पुरानंतर सोनतळीला जागा मिळाल्या. तरी कित्येक कुटुंबं जुन्या गावातच राहतात, कारण शेत तिथे, गोठा तिथे. 'जागा देऊनही लोक हलत नाहीत' ही तक्रार मी अनेकदा ऐकते. पुनर्वसनाची जागा निवडताना पोट कुठे भरतं हे पाहिलं नाही, तर नवीन घराला कुलूप लागतं आणि माणूस पुन्हा पाण्याच्या तोंडी येतो. म्हणूनच या क्षेत्रात इंजिनिअरइतकीच समाजकार्य शिकलेल्या माणसांची गरज आहे, असं मी ठामपणे सांगते.

## 'निसर्गापुढे कोणाचं काय चालणार?'

मनापासून विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसं मेली. त्यानंतर त्या राज्याने स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण उभं केलं. तसा कायदा देशात यायला अजून काही वर्षं होती. किनाऱ्यावर निवारे बांधले, आणि ते एरवी शाळा म्हणून वापरात ठेवले, म्हणजे कुलूप गंजत नाही आणि रस्ता पोराबाळांच्याही पायाखालचा असतो. गावोगाव तरुणांना शिकवलं, रंगीत तालमी घेतल्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन हे तसंच जबर वादळ त्याच किनाऱ्यावर आलं. सुमारे १० लाख माणसं आधीच हलवली होती. मृत्यू काही डझनांत राहिले. वारा कमी नव्हता, मधली १४ वर्षं कामी आली.

किल्लारीतही माणसं मारली ती भिंतींनी. दोन-दोन फूट आणि त्याहून जाड दगडी भिंती, आतला आणि बाहेरचा असे दोन थर, मधे माती, आणि दोन्ही थरांना बांधणारे लांब जोडदगड नाहीत. त्यावर मातीचं जडशीळ माळवद. जमीन हलली तसे थर सुटले आणि माळवद झोपलेल्यांवर आलं. भूकंपानंतर जुनी घरं बळकट करताना नेमकं याच दुखण्यावर बोट ठेवलं. भिंतीला आरपार भोकं पाडून काँक्रीटचे जोडदगड भरायचे आणि घराला कमरपट्ट्यासारखा पट्टा बांधायचा. गावातल्या गवंड्यालाही शिकवता येतं. भूकंपाची तारीख जगात कोणी सांगू शकत नाही, पण कोणती भिंत पडेल हे बरंचसं सांगता येतं.

## 'हे तर कलेक्टरचं काम'

कायद्याने हो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार देशाच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याच्या मुख्यमंत्री आणि जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी. जिल्हा परिषदेचे अध्यक्ष जिल्ह्यात सहअध्यक्ष असतात. २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी वेगळ्या नागरी प्राधिकरणाची तरतूद केली. पण जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर शंभर विषय असतात आणि त्यांची बदलीही होते. आराखडा कोणीतरी लिहावा लागतो, तहसीलदार-तलाठ्यांच्या मागे लागून दर वर्षी ताजा करावा लागतो, पाटबंधारे, बांधकाम, आरोग्य आणि वीज या खात्यांना एका खोलीत बसवावं लागतं. तो 'कोणीतरी' म्हणजे आपण ज्या नोकरीबद्दल बोलतोय ती.

## नोकऱ्या आहेत कुठे?

आधी एक गैरसमज. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, तिथे अर्ज करून थेट जवान होता येत नाही. सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, आयटीबीपी अशा दलांतले जवान तिथे प्रतिनियुक्तीवर येतात. पुण्याजवळ सुदुंबरेला त्यांची बटालियन आहे, तिच्या बाहेर चौकशी करून निराश होऊन परतलेली मुलं मला भेटली आहेत.

नियोजनाच्या बाजूला प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन अधिकारी असतो, महापालिकांचे कक्ष असतात, राज्याचा नियंत्रण कक्ष असतो. त्याबाहेर रासायनिक कारखाने आहेत. भोपाळनंतर, धोकादायक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांना कुंपणाच्या आतला आराखडा करावाच लागतो, आणि वायू गळला तर आजूबाजूच्या वस्तीचं काय, याचा आराखडा जिल्ह्याला करावा लागतो. तारापूर, लोटे, महाडसारख्या औद्योगिक पट्ट्यांत हे काम जाणणारी माणसं लागतात. विमा कंपन्या, धरणं आणि महामार्गांचे सल्लागार, स्वयंसेवी संस्था, संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणा, इथेही वाटा आहेत.

शिक्षणाला एकच दरवाजा नाही. भूविज्ञान, भूगोल, स्थापत्य अभियांत्रिकी, हवामानशास्त्र, समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य, कुठूनही येता येतं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं, पुण्याची यशदा अधिकारी-कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देते. पदवी कोणतीही असो, जीआयएस शिकाच. जीआयएस म्हणजे संगणकावर नकाशावर माहितीचे थर चढवायचं तंत्र. घरं, उतार, शाळा, पूररेषा एकावर एक ठेवली की जे दिसतं ते दहा अहवालांत दिसत नाही.

आता कटू भाग. जिल्हा पातळीवरच्या बऱ्याच जागा कंत्राटी आहेत. दर काही महिन्यांनी मुदतवाढीची वाट पाहायची आणि त्याच वेळी सगळ्या जिल्ह्याच्या जिवाची चिंता करायची, हे ओझं मी वाहिलं आहे आणि माझ्या ओळखीच्या दोन हुशार माणसांनी त्यापायी हे क्षेत्र सोडलं. ज्या गावाला तुम्ही ओळखता, ज्याच्या झऱ्याची चव तुम्हाला माहीत आहे, ते गाव तुमच्या बदलीनंतर पुन्हा अनोळखी माणसाच्या हाती जातं. माणसं टिकली नाहीत तर यादीही टिकत नाही.

पैशाचा कल थोडा बदलला आहे. पंधराव्या वित्त आयोगाने आपत्तीसाठीच्या निधीत दर १०० रुपयांतले २० रुपये धोका आधीच कमी करण्यासाठी बाजूला काढायला सांगितले. पूर्वी असा वेगळा कप्पाच नव्हता. २० थोडेच आहेत, पण ते वापरण्याजोगे प्रस्ताव लिहिणारी माणसं जिल्ह्यात हवीत, नाहीतर तेही पडून राहतील.

## 'काहीच घडलं नाही, तर काम झालं हे कळणार कसं?'

माझ्या आईने विचारलेला प्रश्न. वाचलेल्या माणसाला आपण वाचलो हे कळतच नाही, त्यामुळे आभार मानायला कोणी येत नाही. पण काम झालं की नाही हे तपासता येतं, आणि तेही आपत्तीची वाट न पाहता.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला. १५१ माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं एसटीमुळे. नेहमीच्या फेरीवरच्या चालकाला रस्त्याच्या कडेला गावच दिसलं नाही, आणि त्याने वर कळवलं. गावातून फोन करायला कोणी उरलेलं नव्हतं. तेव्हापासून मी दर मे महिन्यात आराखड्यातले संपर्क क्रमांक स्वतः लावून बघायचे. एकदा एका गावच्या पोलीस पाटलांचा नंबर लावला. पलीकडून तरुण आवाज आला, "बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, मॅडम." यादी त्याच वर्षी 'अद्ययावत' म्हणून सही होऊन आलेली होती.

हे काम आपल्याला जमेल का, असा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांनी एक करावं. बहुतेक जिल्ह्यांचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर असतो. तो उघडा, आपल्या गावाचं किंवा प्रभागाचं पान शोधा. निवाऱ्याची शाळा म्हणून जी लिहिली आहे तिथपर्यंत चालत जा, वाटेत ओढा आडवा येतो का बघा, शाळेची किल्ली कोणाकडे असते ते विचारा. मग तिथले सगळे नंबर एकेक करून लावा. जे लागले नाहीत ते लिहून काढा आणि तहसील कार्यालयात नेऊन द्या, पोच घ्या. आणि यादीत गावच सापडलं नाही, तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.